झेलेन्स्कीला ट्रम्प जमला, मागावाले (MAGA, ट्रम्पच्या 'मेक अमेरिका ग्रेट अगेन' चळवळीतले) काही जमले नाहीत. तुम्हाला काय वाटतं?

खडूस_मास्तर

२८ डिसेंबर २०२५ ला ट्रम्पच्या फ्लोरिडातल्या मार-अ-लागोला ट्रम्प आणि झेलेन्स्की पुन्हा भेटले, पत्रकारांसमोर नेहमीप्रमाणे "तोडगा अगदी जवळ आलाय" वगैरे झालं. मी मात्र झेलेन्स्कीच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ट्रम्प म्हणाला की रशियाला युक्रेनचं भलं झालेलं बघायचंय, आणि या माणसाच्या भुवया वर गेल्या, जरासं हसू आलं आणि पुढच्या क्षणी गायब. नट आहे शेवटी. याच वर्षी २८ फेब्रुवारीला ओव्हल ऑफिसमधे असलं वाक्य आलं असतं तर यानं तिथल्या तिथे तोंडावर उत्तर दिलं असतं. तेव्हा दिलंच होतं, आणि मग ठरलेलं जेवणसुद्धा न घेता बाहेर पडावं लागलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की दहा महिन्यांत झेलेन्स्की ट्रम्पला हाताळायला शिकला, पण ट्रम्पच्या मागे जी मागा चळवळ आहे (उपाध्यक्ष व्हॅन्स, पॉडकास्टवाले बॅनन आणि टकर कार्लसन, ट्रम्पचा मुलगा ट्रम्प ज्युनियर ही सगळी मंडळी) तिच्याशी त्याचं जमलेलं नाही आणि जमणारही नाही, कारण त्यांचा राग सूट घातला नाही, थँक्यू म्हणाला नाही यावरून नाहीच आहे मुळात. तो राग २०१९ चा आहे.

गंमत बघा, २०१९ ला झेलेन्स्की म्हणजे यांच्यातलाच माणूस होता. राजकारणाचा अनुभव शून्य, टीव्हीवर राष्ट्राध्यक्षाची भूमिका केलेला विनोदी नट, सगळे जुने पुढारी चोर आहेत म्हणत उभा राहिला आणि दुसऱ्या फेरीत ७३ टक्के मतं घेऊन तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष पोरोशेन्कोला पाडलं. २५ जुलै २०१९ च्या त्या कुप्रसिद्ध फोनवर हा ट्रम्पला सांगतोय की तुम्ही आमचे गुरू, आम्हालाही आमच्याकडची दलदल उपसायचीय, आणि मी न्यूयॉर्कला आलो होतो तेव्हा ट्रम्प टॉवरलाच उतरलो होतो. यापेक्षा जास्त मस्का कोण लावणार! पण त्याच फोनवर ट्रम्पनं बायडनची चौकशी करायचा विषय काढला, तिकडे ३९ कोटी डॉलरची लष्करी मदत अडकवून ठेवलेली होती, ते बाहेर आलं आणि डिसेंबरमधे ट्रम्पवर महाभियोग लागला. झेलेन्स्की बिचारा सांगत राहिला की माझ्यावर कोणी दबाव टाकला नाही, पण तेव्हापासून मागावाल्यांच्या डोक्यात युक्रेन म्हणजे "आपल्या साहेबावर केस टाकायला वापरलेला देश" हे पक्कं बसलं. पुढे २०२२ ला युद्ध झालं, बायडननं मिठी मारली आणि डेमोक्रॅट लोकांच्या घरांवर निळेपिवळे झेंडे लागले, मग तर विषयच संपला.

पेठकर

मास्तर, सगळं खापर बिचाऱ्या मागावाल्यांवर? नटानं स्वतः काय दिवे लावले ते पण लिहा की. २०२४ चा सप्टेंबर आठवा. निवडणूक दीड महिन्यावर, पेनसिल्व्हेनिया सगळ्यात अटीतटीचं राज्य, आणि हे महाशय २२ तारखेला स्क्रँटनच्या दारूगोळा कारखान्यात गव्हर्नर शपिरोबरोबर, डेमोक्रॅट हां, हसत हसत तोफगोळ्यांवर सह्या करतायत. बरं स्क्रँटन म्हणजे बायडनचं जन्मगाव. त्याच सुमारास मुलाखतीत व्हॅन्सला अतिरेकी विचारांचा म्हणून मोकळे. हाऊसचा रिपब्लिकन स्पीकर जॉन्सननं मागणी केली की तुमच्या राजदूत बाईंना काढा, त्यांनीच हा दौरा ठरवला. मग फेब्रुवारीत व्हॅन्सनं ओव्हल ऑफिसमधे तोंडावर सुनावलं की तू विरोधकांच्या प्रचाराला गेला होतास, तर त्यात चूक काय? दुसऱ्याच्या देशातल्या निवडणुकीत कशाला नाक खुपसायचं.

बॅकबेंचर

पेठकर +१

फक्त एक ॲड करतो, तोफगोळे १५५ मिमीचे होते आणि ते खरंच त्याच कारखान्यात बनतात. आभार मानायला दुसरीकडे कुठे जाणार, डिस्नेलँडला?

अनघा_पेनसिल्व्हेनिया

इथे राहते म्हणून लिहिते. स्क्रँटनच्या आसपास आणि एकूणच पेनसिल्व्हेनियात युक्रेनी आणि पोलिश वंशाचे लोक पिढ्यानपिढ्या आहेत, आजोबा-पणजोबा कोळशाच्या खाणीत कामाला आलेले. त्यातले कितीतरी जण पक्के ट्रम्पवाले आहेत, लॉनवर ट्रम्पची पाटी आणि पोर्चवर युक्रेनचा झेंडा अशी घरं मी स्वतः पाहिलीत. त्यामुळे मागा म्हणजे एकजात युक्रेनद्वेष्टे असं लिहू नका प्लीज. पॉडकास्टवर जे ओरडतात ते वेगळे आणि मत देणारे वेगळे. माझ्या शेजारच्या काकांना (रिटायर्ड ट्रकवाले, टोपी लाल) विचारलं तर म्हणतात पुतिन बदमाशच आहे, पण आमच्या गावातला पूल पाच वर्षं बंद आहे त्याला पैसे नाहीत आणि तिकडे आहेत. हा राग झेलेन्स्कीवर नाहीये, वॉशिंग्टनवर आहे. झेलेन्स्की फक्त टीव्हीवर दिसतो.

सडेतोड_सांगलीकर

अनघाताईंच्या शेजारच्या काकांना माझा नमस्कार सांगा, सगळ्या धाग्यात एकटाच शहाणा माणूस आहे.

साधा हिशोब आहे. अमेरिकन काँग्रेसनं पाच वेळा बिलं पास करून साधारण १७५ अब्ज डॉलर मंजूर केले. युद्ध कुठे चाललंय, तर यांच्यापासून आठ हजार किलोमीटर लांब. इराक झालं, अफगाणिस्तान झालं, ओहायो आणि केंटकीतल्या गरीब घरांतली पोरं मेली, हाती काय लागलं? ट्रम्प २०१६ ला निवडून आला तो याच मुद्द्यावर. मग त्याच्या मतदारानं म्हटलं की आता बास, तर तो लगेच पुतिनचा हस्तक? व्हॅन्स स्वतः इराकला जाऊन आलेला माणूस आहे, २०२२ ला सिनेटच्या प्रचारातच म्हणाला होता की युक्रेनचं काहीही होवो मला फरक पडत नाही. ऐकायला वाईट वाटतं, पण निदान लपवाछपवी नाही. ट्रम्प ज्युनियरची भाषा शिवराळ आहे हे मान्य. मुद्दा चुकीचा नाही.

आणि डिसेंबर २०२२ ला काँग्रेससमोर झेलेन्स्की म्हणाला की तुमचा पैसा म्हणजे दान नाही, गुंतवणूक आहे. मग गुंतवणूकदारानं परतावा मागितला तर रडायचं का?

खडूस_मास्तर

सांगलीकर साहेब, परतावा मागितला ना, आणि मिळाला पण. ३० एप्रिलला खनिजांचा करार झाला, निम्म्या-निम्म्या भागीदारीचा गुंतवणूक निधी. आणि त्यात वाटाघाटी बघा कशा केल्या. आधी ट्रम्पकडून आलेला मसुदा म्हणजे जुनी मदत सगळी कर्ज म्हणून धरा असा होता, ते शेवटच्या करारात नाही. सही केली स्विरिडेन्को बाईंनी, ज्या जुलैमधे तिथल्या पंतप्रधान झाल्या. म्हणजे माणूस वाकला, पण खिसा सांभाळून वाकला.

१७५ अब्जांबद्दल पण जरा थांबा. त्यातला बराच पैसा अमेरिकेतच खर्च झालाय, जुनी शस्त्रं तिकडे पाठवायची आणि त्या जागी नवी अमेरिकन कारखान्यांत बनवायची. ट्रम्प तर ३५० अब्ज म्हणत फिरत होता, तो आकडा कुठून आणला त्यालाच ठाऊक.

पेठकर, स्क्रँटनचं मान्य, वेळ चुकलीच. पण एक सांगा, त्या दौऱ्याच्या पाच महिने आधी काय झालं होतं? २० एप्रिल २०२४. युक्रेनच्या मदतीचं बिल हाऊसमधे (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात) ३११ विरुद्ध ११२ नी पास झालं, आणि विरोधातली ११२ च्या ११२ मतं रिपब्लिकन होती, बाजूनं दिली फक्त १०१ रिपब्लिकनांनी. तेव्हा कुठे गेला होता तो स्क्रँटनला? राग आधीच होता, कारण नंतर सापडलं.

गनिमी_कावा

मास्तरांचा सगळा धागाच उलटा आहे असं माझं मत. ट्रम्प वेगळा आणि मागा वेगळी हेच मला पटत नाही. मागा म्हणजे ट्रम्प म्हणेल ते, बाकी सगळे पॉडकास्टवाले टाळ वाजवणारे.

त्याच एप्रिल २०२४ चं घ्या. सहा महिने बिल अडकलं होतं. रिपब्लिकन खासदार मार्जोरी टेलर ग्रीन बाई स्पीकरची खुर्ची घालवायची धमकी देत होत्या. मग झालं काय, तर जॉन्सन आधी मार-अ-लागोला जाऊन आला, ट्रम्पनं पोस्ट टाकली की युक्रेन टिकणं आपल्यालाही महत्त्वाचं आहे पण युरोपनं पैसे काढावेत, आर्थिक मदतीचा भाग दान न ठेवता कर्ज म्हणून दाखवायची त्याची आयडिया बिलात घातली गेली, आणि बिल पास. नंतर ग्रीन बाईंनी जॉन्सनला पाडायचा प्रयत्न केला तो त्यांच्याच पक्षानं हाणून पाडला. आता त्याच बाईंचं ट्रम्पशी फाटलं (एपस्टीन फाइल्सवरून मुख्यतः) आणि ५ जानेवारी २०२६ पासूनचा राजीनामा त्यांनी जाहीर केला. म्हणजे मूळ बटण कोणाच्या हातात? यंदाच्या जुलैत ट्रम्पनं पलटी मारून नाटोमार्फत पेट्रियट क्षेपणास्त्रं द्यायचं ठरवलं, पैसे युरोपचे, तेव्हा बॅनननं दोन दिवस आरडाओरडा केला आणि गप्प. चळवळ वगैरे काही नाही हो. एक माणूस आहे आणि त्याचा मूड आहे.

आणि झेलेन्स्कीला हे बरोब्बर कळलंय म्हणून तो कार्लसन-बॅननच्या नादी लागत नाही.

पेठकर

मूड आहे हे शंभर टक्के. १९ फेब्रुवारी: निवडणुका न घेणारा हुकूमशहा. ऑगस्ट: वा काय सूट आहे. २३ सप्टेंबर: युक्रेन सगळी जमीन परत जिंकू शकतो. ऑक्टोबर: टॉमहॉक क्षेपणास्त्रं देणार नाही जा. त्याच ऑक्टोबरमधे रोसनेफ्ट आणि लुकोईल या रशियन तेल कंपन्यांवर निर्बंध. नोव्हेंबर: युद्ध थांबवायचा हा २८ कलमी प्लॅन घ्या आणि सही करा, आणि वर कृतज्ञता शून्य आहे म्हणून पोस्ट. सासूसुद्धा एवढ्या वेळा मत बदलत नाही.

तिरकी_रेघ

सूटचा किस्सा राहिला ना पण! फेब्रुवारीत ज्या पत्रकारानं विचारलं होतं की सूट का घालत नाही, तो ब्रायन ग्लेन, मागाच्या आवडत्या चॅनलचा. त्याला तेव्हा झेलेन्स्की म्हणाला होता युद्ध संपलं की घालीन. १८ ऑगस्टला हा काळा सूटसदृश काहीतरी घालून आला (टाय नाही, कॉलर लष्करी, म्हणजे अर्धी तडजोड), ग्लेन म्हणाला मस्त दिसताय, तर याचं उत्तर, तुम्ही मात्र तोच सूट घालून आलायत, मी बदलला तुम्ही नाही. सगळी खोली हसली, ट्रम्प पण. त्या दिवशी पहिल्या काही मिनिटांत इतक्या वेळा थँक्यू म्हणाला की व्हॅन्सला बोलायला काही राहिलंच नाही, पठ्ठ्या अख्खी मीटिंग गप्प बसला होता. वर बायकोचं मेलानियाला पत्र, आणि ट्रम्पला जखमी सैनिकाची गोल्फ स्टिक भेट. होमवर्क करून आला होता बाबा.

सडेतोड_सांगलीकर

याला मुत्सद्देगिरी म्हणायचं का लोटांगण?

तिरकी_रेघ

मार्चमधे मदत आणि गुप्त माहिती दोन्ही बंद केली होती अमेरिकेनं. आठवडाभर. उपग्रहाची माहिती नसेल तर क्षेपणास्त्र कुठून येतंय ते उशिरा कळतं आणि माणसं मरतात. तुम्ही त्या खुर्चीत असतात तर काय केलं असतं सांगलीकर, ताठ मानेनं बातम्या बघितल्या असत्या?

सडेतोड_सांगलीकर

मी त्या खुर्चीत असतो तर २०२२ च्या वसंतातच इस्तंबूलच्या बोलण्यांत रशियाशी बसून मिटवलं असतं.

तिरकी_रेघ

हो का. १९९४ ला बुडापेस्टला बसून मिटवलंच होतं की. युक्रेननं अण्वस्त्रं दिली आणि सुरक्षेच्या हमीवर सह्या घेतल्या, त्यात रशियाची पण सही होती. त्या सहीचं काय झालं ते २०१४ ला क्रिमियात कळलं.

विदर्भ_एक्सप्रेस

अवांतर होईल पण लिहितो. आपल्याकडून बघितलं तर या सगळ्या प्रकरणाचं बिल भारताच्या नावावर फाटलं. रशियाचं तेल घेतो म्हणून ऑगस्ट २०२५ मधे जादा २५ टक्के, एकूण ५० टक्के टॅरिफ लावलं होतं. ट्रम्पचा व्यापार सल्लागार नवारो तर टीव्हीवर याला मोदींचं युद्ध म्हणाला! हा तोच मागा गोट जो म्हणतो की युक्रेनशी आमचा काही संबंध नाही. संबंध नाही तर आमच्यावर दंड कशाला बाबा? आणि चीन सगळ्यात जास्त तेल घेतो त्याला या कारणासाठी दंड नाही.

मला झेलेन्स्कीबद्दल विशेष प्रेम नाही. युद्ध सुरू झालं तेव्हा मेडिकलला गेलेली आपल्या महाराष्ट्रातली पण पोरं तिथे अडकली होती, ऑपरेशन गंगामधून आणली, त्यांचं शिक्षण अर्धवट राहिलं. पण मोदी पण ऑगस्ट २०२४ ला कीव्हला जाऊन गळाभेट घेऊन आलेत हे विसरू नका, म्हणजे आपणही सगळीकडे हात ठेवून आहोत. झेलेन्स्की जे करतोय तेच सगळे करतायत, कोणी गोल्फ स्टिक देतो कोणी स्टेडियम भरवतो.

बॅकबेंचर

झालं, धाग्यात मोदी आले. आता शंभरी नक्की. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

अनघा_पेनसिल्व्हेनिया

विषयावर राहू या ना. गनिमी कावा, तुमचं अर्धं पटतंय. पण एक गोष्ट तुम्ही धरत नाही आहात, चर्च. मागाच्या मतदारांत इव्हँजेलिकल लोक प्रचंड आहेत आणि तिथे युक्रेनच्या लोकांनी खूप शांतपणे काम केलं. जॉन्सन स्वतः सदर्न बॅप्टिस्ट, त्याला युक्रेनमधले बॅप्टिस्ट जाऊन भेटले, रशियाच्या ताब्यातल्या भागात त्यांच्या चर्चचं काय होतं ते सांगितलं. झेलेन्स्कीच्या भाषणांपेक्षा याचा उपयोग जास्त झाला असं मला वाटतं. उलट बाजूनं कार्लसन वगैरे लोक सतत सांगतात की झेलेन्स्की ख्रिश्चनांचा छळ करतो, कारण २०२४ च्या ऑगस्टमधे मॉस्कोशी जोडलेल्या ऑर्थोडॉक्स चर्चवर बंदी आणता येईल असा कायदा त्यानं केला. म्हणजे एकाच चळवळीत देवाच्या नावानं दोन्ही बाजूंचं चालू आहे. याला एका माणसाचा मूड कसं म्हणता येईल?

गनिमी_कावा

चर्चचा मुद्दा चांगला आहे, याचा विचार केला नव्हता. पण तरी ११२ मतं ट्रम्पनं "होय द्या" असं स्पष्ट सांगितलं असतं तर ३० वर आली असती असंच मी म्हणेन.

आणि दुसरं, झेलेन्स्कीनं मागावाल्यांना आयतं कोलीत दिलं ते कोणीच लिहीत नाहीये. जुलै २०२५ ला भ्रष्टाचारविरोधी दोन संस्थांचे अधिकार काढून घेणारा कायदा घाईघाईत सही करून आणला. युद्ध चालू असताना कीव्हमधे पोरंपोरी पुठ्ठ्याच्या पाट्या घेऊन रस्त्यावर आली, आणि नऊ दिवसांत कायदा फिरवावा लागला. मग नोव्हेंबरमधे त्याच संस्थांनी सरकारी अणुऊर्जा कंपनीतलं दहा कोटी डॉलरचं कमिशन प्रकरण बाहेर काढलं, त्यात झेलेन्स्कीचा जुना धंद्यातला भागीदार, तो आधीच देशाबाहेर पळालेला, आणि महिनाअखेरीला त्याचा उजवा हात, कार्यालयाचा प्रमुख येरमाक घरी गेला. ज्युनियर ट्रम्प तीन वर्षं ओरडत होता की आपला पैसा चोर खातायत. आता त्याला पुरावा आयता मिळाला.

तिरकी_रेघ

पुरावा कसला? युद्धात असलेल्या देशातल्या तपास यंत्रणेनं सत्ताधाऱ्याच्याच माणसावर धाड टाकली आणि त्याला जावं लागलं. मला वाटतं ही युक्रेनची चांगली बातमी आहे. रशियात दाखवा असं झालेलं.

गनिमी_कावा

ओहायोच्या मतदाराला एवढं बारीक कोण समजावणार.

खडूस_मास्तर

मूळ मुद्द्यावर येतो. कावा म्हणतात बटण ट्रम्पच्या हातात आहे. धरून चालू की आहे. पण ट्रम्पची टर्म जानेवारी २०२९ ला संपते! आता फ्लोरिडाहून परतताना झेलेन्स्कीनं सांगितलं की अमेरिका १५ वर्षांची सुरक्षा हमी देतेय. १५ मधली ३ वर्षं ट्रम्पची, उरलेली १२ कोणाची? आजच्या घडीला रिपब्लिकनांमधे पुढचं नाव व्हॅन्सचंच घेतात. ज्या माणसानं "मला फरक पडत नाही" म्हटलंय त्याच्या हातात ती हमी जाणार. सूट, गोल्फ स्टिक, पत्नीचं पत्र हे सगळं एका सत्तरी उलटून ऐंशीला आलेल्या माणसासाठी केलेलं आहे, त्याचा व्हॅन्सवर शून्य परिणाम. म्हणून मी म्हणतोय की चळवळ जमली नाही.

पेठकर

मास्तर, ते झेलेन्स्कीला तुमच्यापेक्षा जास्त कळतंय, काळजी नसावी. त्यानं ट्रम्पकडे ३०-४०-५० वर्षांची हमी मागितली हे त्यानंच सांगितलं, आणि ती काँग्रेसकडून मंजूर व्हावी ही पण मागणी आहे. म्हणजे व्हाइट हाऊसमधे कोण बसतंय यावर अवलंबून राहायला नको.

खडूस_मास्तर

आणि काँग्रेसमधे कोण बसलंय? तेच ११२ ना?

अनघा_पेनसिल्व्हेनिया

यंदा जुलैत ग्रीन बाईंनी युक्रेनचे ३० कोटी डॉलर काढून टाकायची दुरुस्ती आणली होती ती मोठ्या फरकानं पडली मास्तर, बहुतेक रिपब्लिकनांनी पण विरोधात मत दिलं. आणि या डिसेंबरच्या संरक्षण कायद्यात पुढच्या दोन वर्षांसाठी वर्षाला ४० कोटी आहेत. रक्कम किरकोळ आहे, पण ११२ चा आकडा आता जुना झाला.

सडेतोड_सांगलीकर

४० कोटी द्यायला हात वर करणं वेगळं आणि ५० वर्षांची हमी द्यायला वेगळं. नोव्हेंबर २०२६ ला सगळे निवडणुकीला उभे आहेत, त्याआधी एकानं तरी अशा कागदावर सही करून दाखवावी.

पेठकर

तोपर्यंत नटानं स्क्रँटनकडे फिरकू नये म्हणजे मिळवली.